खरमासातले पिवळे तांदूळ

सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत बसून लोकांना "एक कागद कमी आहे, उद्या या" असं सांगणाऱ्या बाईला एक दिवस स्वतःच अर्ज घेऊन खिडकीबाहेर उभं राहावं लागलं, तर तिला काय वाटेल? मला फार वाईट वाटलं. ही वेळ माझ्यावर गेल्या डिसेंबरात आली, आणि तीही पंक संगीतापायी. संगीतातली माझी आजवरची कामगिरी म्हणजे गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवणं, त्याही एक मात्रा उशिरा. मोहल्ल्यात मला पुष्पलता मॅडम म्हणतात. माणूस मॅडम झाला की त्यानं कोणत्या गोष्टीत पडू नये याची यादी आपोआप तयार होते, आणि त्या यादीत पंक फार वर असावं.

पंक म्हणजे काय ते माझ्या लेकीनं, मयुरीनं, मला फोनवर समजावलं होतं. सूर तीनच. आवाज मोठा. राग खरा. कोणी गुरू नाही, कोणी कंपनी नाही. गाणं आपणच करायचं, आपणच भरायचं, आपणच वाटायचं. नागपुरात ती आणि तिची मैत्रीण रीना मिळून असं गातात. दोघींच्या बँडचं नाव 'खरकटं'. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भांडीच घासत होते, म्हणून असेल, पण मला ते मुळीच विचित्र वाटलं नाही.

आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचा माझा हट्ट कळेल. त्या डिसेंबराआधीच्या संक्रांतीला मयुरी घरी आली होती. मी कढईत तीळ भाजत होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "आई, रीना माझी नुसती मैत्रीण नाई. आमचं प्रेम आहे. आमी संगंच राहतो, अन् संगंच राहणार." मी तीळ हलवत राहिले. मग तोंडातून निघालं, "चहा ठेवू का?"

ती "नको" म्हणाली आणि सकाळच्या गाडीनं निघून गेली. त्यानंतर अकरा महिने आम्ही फोनवर थंडी, ऊन आणि तिच्या बाबांचं बीपी यांवर बोललो. राखीला ती आली नाही. दिवाळीला आली नाही. तीळ तेवढे जळले होते, ते मी टाकून दिले.

डिसेंबरात तिचा फोन आला. "आई, आमाले एकदा आपल्या गावात गाचं आहे. एखादा हॉल मिळते का पाहून दे. नाई मिळाला तं राहू दे. मंग आमी काई तिकडं येत नाई." मयुरी हॉलबद्दल बोलत होती, पण मला शेवटचं वाक्यच ऐकू आलं. मी म्हटलं, "मिळते. काहून नाई मिळणार?"

आमचे हे, म्हणजे प्रेमलाल, मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतात. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या सगळ्या जळक्या पंपांना तांब्याची तार गुंडाळून जिवंत करणारा हा माणूस घरातल्या कोणत्याही प्रश्नावर मात्र तोंडालाच तार गुंडाळून बसतो. मी हॉलचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गाऊ दे ना वो नागपुरात. येथं काहून?" मी म्हटलं, "येथं तिचं घर आहे म्हनून." त्यावर ते एक पंप उचलून मागच्या अंगणात गेले.

हॉल मात्र चुटकीसरशी मिळाला. मंगल भवनाचे व्यवस्थापक वीरेंद्रजी मोकळेच बसले होते. "मैडम, खरमास लग गया है. मकर संक्रांति तक एक भी शादी नहीं. पूरा भवन आपका." कोणता कार्यक्रम आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सरकारी नोकरीत एक शिकायला मिळतं, विचारल्याशिवाय माहिती देऊ नये.

लाउडस्पीकरची परवानगी मात्र विचारल्याशिवाय मिळत नाही. त्या खिडकीवर धर्मेंद्र नावाचे बाबू होते, माझ्याच जातकुळीचे. अर्जात कार्यक्रमाचे चार प्रकार छापले होते: धार्मिक, वैवाहिक, राजनीतिक, अन्य. मी 'अन्य'वर खूण केली. धर्मेंद्रजींनी चष्मा काढला. "मैडम, 'अन्य' में बड़ी दिक्कत है. जागरण लिख दो, शादी लिख दो, अभी ठप्पा मारता हूँ." मी सांगितलं की सव्वीस वर्षांत मी कागदावर खोटं लिहिलेलं नाही. त्यांना माझा आदर वाटला असावा, कारण त्यांनी मला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की 'अन्य'ला मुख्य अतिथी लागतो, आणि गाण्यांची यादी भावार्थासह जोडावी लागते. मी मयुरीकडून गाणी मागवली आणि कचेरीत मधल्या सुट्टीत भावार्थ लिहायला बसले. पहिलं गाणं, 'ज्याचं ताट त्यानं घास'. भावार्थ: स्वच्छता. दुसरं, 'हात लावशील तर दात पडतील'. भावार्थ: महिला सुरक्षा. तिसरं गाणं 'दोघींची एकच चादर'. याच्यापुढे मी बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी लिहिलं: बचत.

धर्मेंद्रजी खूश झाले. "वाह, पूरा सरकारी योजनाओं का कार्यक्रम है." यादी मी व्हॉट्सॅपवर मयुरीलाही पाठवली, आपण किती चतुर आहोत ते तिला दिसावं म्हणून. तिचं उत्तर संध्याकाळी आलं. "आई, हे बचत आहे?" एवढंच. मी मोबाइल पालथा ठेवला. एखाद्या बाईला आपल्या चतुराईची लाज वाटते तेव्हा ती भांडी घासते. त्या दिवशी मी घासलेलीही पुन्हा घासली.

मुख्य अतिथी कोण? आमच्याकडे मुख्य अतिथीला गाण्यातलं कळावं अशी अट नाही, उलट न कळलेलं बरं. पण मला पुढाऱ्याला बोलवायचं नव्हतं. तेव्हा आठवलं, रीनाची आजी गोदाबाई गाते. रीनाला आईबाप नाहीत, तिला या आजीनंच वाढवलं. त्या बौद्ध वॉर्डात राहतात, आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर, आणि मी बावन्न वर्षांत त्या गल्लीत गेले नव्हते. हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

गोदाबाई दारात वाल सोलत बसल्या होत्या. "मी का मुख्य अतिथी वो बाई? मी तं जयंतीले गाणे म्हनो, अन् लगनात गाऱ्या देओ." गारी म्हणजे लग्नात बायका वरपक्षाला गाण्यातून ज्या शिव्या देतात त्या, नवरदेवाच्या मामापासून व्याह्याच्या मिशीपर्यंत कोणाची सुटका नसते. "साऱ्या वॉर्डातून बोलावणं ये मले. शिव्या द्याले बोलावताना कोनी जात नाई विचारे. जेवाले बसवताना विचारे. आता डीजे आला, गाऱ्या गेल्या." मी वाल सोलायला घेतले.

मग त्यांनीच विचारलं, "तुमची पोरगी अन् आमची रीना एकाच खोलीत राहून राह्यल्या ना?"

"हौ."

"चार साल झाले?"

"हौ."

"मी बुढी झाली, बाई. आंधळी नाई झाली." आणि त्या पुढचा वाल सोलू लागल्या.

आता प्रश्न प्रेक्षकांचा. मयुरीनं आपल्या हातानं केलेलं पत्रक पाठवलं होतं. वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवलेली, मध्ये फुटकी बशी, खाली 'क्वीअर, फेमिनिस्ट, आपल्या हातचं पंक'. मला ते आवडलं. शेजारच्या अंजनाबाईंनी ते हातात धरून तीनदा फिरवलं. "पुष्पा, कोनी कोनाले उचलून नेलं काय? असे चिठ्ठे तं खंडणीवाले पाठवतात. अन् हे क्वीअर का असते?" मी म्हटलं, "कार्यक्रमाले या, समजते." समजावून सांगायचं धैर्य माझ्यात तोवर नव्हतं. त्या म्हणाल्या, "कागदावर कोन येते वो? बोलावणं पाह्यजे."

हे मात्र मला पटलं. आमच्याकडे कागद कितीही वाटा, माणूस जागचा हलत नाही. बोलावणं एकाच पद्धतीनं होतं: पळसाच्या पानात हळदीचे पिवळे तांदूळ घ्यायचे, घरोघरी जायचं, हातावर चार दाणे ठेवायचे. मी किलोभर तांदूळ हळदीत घोळले आणि चार संध्याकाळी सगळा मोहल्ला पालथा घातला. प्रत्येक दारात सांगत होते की मुलींचा बँड आहे, मोठ्यानं गातात. पण हातावर पिवळे तांदूळ पडले की माणूस पुढचं ऐकत नाही. तारीख विचारतो, ठिकाण विचारतो आणि आत जाऊन साडी काढतो.

गोदाबाईंकडेही पान घेऊन गेले. त्यांनी हात मागे घेतला. "आमच्यात तांदूळ नाई चालत. आमी फुलं टाकतो. फुलं मी घेऊन येईन." मुख्य अतिथीनं स्वतःच्या सत्काराची फुलं स्वतः आणावीत, हे मला जरा जास्तच साधेपणाचं वाटलं.

आणि मोहल्ल्यात तिकडे काय शिजत होतं? खरमासात पिवळे तांदूळ! एरवी लग्नाला घरटी एक माणूस येतो. पण खरमासात, मुहूर्त नसताना, पत्रिकेशिवाय, नवऱ्याचं नाव न सांगता लग्न? म्हणजे भानगड आहे. आणि भानगडीला अख्खं घर येतं. मला हे कोणी सांगितलं नाही, फक्त सगळे माझ्याकडे फार प्रेमानं बघू लागले. किराणावाल्यानं तर "हिम्मत रखो, मैडम" असंही म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मयुरी आणि रीना नागपूरहून गोंदियापर्यंत गाडीनं आणि पुढे बसनं आल्या. राजेगावजवळच्या गतिरोधकावर बस उडाली, टपावरची कोणाची तरी लोखंडी पेटी घसरली आणि रीनाच्या ड्रमच्या पोटात शिरली. रीना खाली उतरली ती फाटका ड्रम कडेवर घेऊनच. मला वाटलं आता संपलं. पण त्या पोरीनं भवनाच्या स्वयंपाकघरात जाऊन भात शिजवायचे चार गंज, दोन पराती आणि एक झारा काढला, पालथे घालून वाजवून पाहिले आणि म्हणाली, "काकू, हेच बरं. आमचं नावच खरकटं आहे." मयुरी माझ्याशी 'कशी आहे', 'बरी आहे' एवढंच बोलली. बचतीचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. तिनं आणलेल्या पुस्तिका मी दारातल्या टेबलावर मांडल्या. गावोगावच्या अशाच पोरींच्या गाण्यांच्या झेरॉक्स, शिवायच्या राहिलेल्या. मी पर्समधून फाइलची लेस काढली आणि सगळ्या कचेरीच्या गाठीनं बांधून टाकल्या. एवढं तरी मला येतं.

साउंड भजन मंडळाचा होता. त्याचं एकोचं बटण अडकलेलं, त्यामुळे प्रत्येक शब्द चारदा उमटे, आणि वर गिटार लावली की पाण्याच्या मोटरीसारखी घरघर. आमचे हे पाहुण्यासारखे मागच्या खुर्चीत बसले होते. घरघर त्यांनी पाच मिनिटं सहन केली. सहाव्या मिनिटाला उठले. "अर्थिंगच नाई तं काय होईन? कोनं जोडलं हे?" असं म्हणत तार घेऊन खिडकीतून बाहेर गेले, नळाच्या पाइपाला काहीतरी बांधलं, आणि घरघर बंद झाली. एको तेवढा राहिला. मयुरी म्हणाली, "थँक्यू बाबा." ते म्हणाले, "हौ," आणि स्टेजच्या बाजूलाच तारेवर पाय ठेवून उभे राहिले ते शेवटपर्यंत.

सहा वाजता दारात पाहिलं. चाळीस लोक धरून मी चिवड्याचे चाळीस पुडे आणले होते. समोर दीडशेच्या वर माणसं, जरीच्या साड्या, फेटे, हातात भिंतीवरची घड्याळं आणि जेवणाचे डबे, सगळं चकाकत्या कागदात बांधलेलं. अंजनाबाई माझ्या कानाशी आल्या. "नवरदेव कोठी आहे?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बायका सवयीनं दोन बाजूंना बसल्या होत्या, आमच्या मोहल्ल्याच्या उजवीकडे, गोदाबाईंच्या वॉर्डाच्या डावीकडे. मागे पुरुष पंगतीची वाट बघत होते.

काही सांगायच्या आत रीनानं परातीवर झारा हाणला आणि मयुरी ओरडली:

"ज्याचं ताट त्यानं घास!
माझ्या हाताले नाई वास!
तुझ्या मिशीले लागली कढी,
पुसाले शोध दुसरी वेडी!"

एकोनं हे सगळं चारदा सांगितलं. एका काकांच्या हातातलं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं. वीरेंद्रजी धावत आले, "मैडम, ये शादी नहीं है? बंद करो, बंद करो!" आणि स्विचबोर्डाकडे वळले. मयुरीनं माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी ओळखत होते, ओट्याला टेकलेला.

मी स्विचबोर्डाला पाठ लावून उभी राहिले. पर्समधून परवानगीपत्र काढलं. "वीरेंद्रजी, ये देखिए. प्रकार अन्य. समय छह से नौ. जावक क्रमांक, तारीख, ठप्पा. नौ बजे तक इस बोर्ड को हाथ लगाया तो लिखित में जवाब देना पड़ेगा." आयुष्यात पहिल्यांदा मला माझी नोकरी मनापासून आवडली. ते दोन पावलं मागे सरले.

तेवढ्यात डावीकडून गोदाबाई उठल्या. "अवो, हे तं गारी आहे!" आणि कमरेवर हात ठेवून, माइकबिइक न घेता त्यांनी उजव्या बाजूला सुनावलं:

"व्याही आला जेवाले, बसला मांडी घालून,
लाडू गेले खिशात, पोट आलं चालून!"

रीनानं आजीचा ठेका लगेच परातीवर उचलला. मयुरीनं गिटारीवर साथ धरली, तीन सुरांतच, आणि ते तीन सूर गोदाबाईंना पुरले. उजवीकडच्या बायका अशा गप्प बसणाऱ्या नाहीत. अंजनाबाई पदर खोचून उठल्या, माइकपाशी गेल्या. वीस वर्षांत गायल्या नव्हत्या, पण डीजेनं फक्त गाऱ्या बंद केल्या होत्या, शिव्या कुठे पुसल्या होत्या? तोंड उघडलं, पहिली ओळ सुरू केली आणि मध्येच थांबल्या. गारी द्यायची तर ती वरपक्षाला. त्यांनी मला माइकवरूनच विचारलं:

"पुष्पा, आपण कोनाकडचे?"

कडचे, कडचे, कडचे, असं हॉलभर फिरून ते माझ्यापाशी आलं. गंज थांबला. मयुरी बघत होती. रीना बघत होती. तारेवर पाय ठेवून हे बघत होते. खरं सांगते, जिभेवर पहिला शब्द चहा हाच आला होता. तो मी गिळला.

"आपण मुलीकडचे," मी म्हटलं.

"अन् ते?" त्यांनी गोदाबाईंच्या बाजूला बोट केलं.

"तेही मुलीकडचेच. माझी मयुरी अन् त्यांची रीना. दोघी संगं राहतात, अन् संगंच राहतीन. नवरदेव नाई, अंजनाबाई. दोन्हीकडं मुलीच आहेत."

अंजनाबाईंनी विचार केला. उजव्या बाजूच्या दोन घरांची माणसं उठून गेली, भेटी परत घेऊन. मग अंजनाबाईंनी जो प्रश्न विचारला तो त्यांच्यासाठी खरोखर सगळ्यात मोठा होता. "मंग गारी द्याची कोनाले?"

गोदाबाईंनी मागे पाहिलं, जिथे पुरुष चिवड्याच्या पुड्यांवरून भांडत होते. "ते का बसले तेथं, पंगतीची वाट पाहून!"

त्यानंतर नऊ वाजेपर्यंत बालाघाटच्या पुरुषांचं जे काही झालं ते मी सविस्तर सांगत नाही. दोन्ही बाजूंच्या बायकांनी, गंज-पराती-गिटारीच्या साथीनं, एकेकाचं नाव घेऊन निकाल लावला. आमच्या ह्यांच्यावर 'घरातला पंप बंद, गावातले चालू' अशी गारी झाली, ती त्यांनी मान खाली घालून ऐकली, पण तारेवरचा पाय काढला नाही. वीरेंद्रजींवर झाली तेव्हा ते लाजले आणि मोबाइलवर भरून घेऊ लागले. 'दोघींची एकच चादर' मयुरीनं शेवटी म्हटलं, हळू, न ओरडता, आणि तेव्हा गोदाबाईंनी पिशवीतून झेंडूच्या पाकळ्या काढून दोघींवर टाकल्या. ती फुलं कोणाच्या सत्काराची होती ते मला तेव्हा कळलं. मी उभ्या उभ्या रडले, मॅडम असून.

घरी येऊन भेटी मांडल्या तेव्हा ओटीवर सतरा घड्याळं झाली. मयुरी परवानगीच्या अर्जाची माझ्याकडची प्रत उघडून बसली होती. मी तिच्या हातातून ती घेतली, 'बचत' खोडलं आणि बाजूला लिहिलं: प्रेम. खोडल्याच्या जागी रीतसर सही केली. मग म्हटलं, "मयुरी, त्या दिवशी तीळ भाजताना मी..." पुढचं जमेना. "मी चुकली वो. मले तुले हे अकरा महिन्यांपासून सांगाचं होतं."

तिनं माझी सही वाचली. मग उठून ओट्यापाशी गेली, गॅस पेटवला आणि पाठमोरीच म्हणाली, "आई, चहा ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं. "पाच कप ठेव. रीना आजीले आणाले गेली आहे."